घाम पिचरचा, गल्ला मालकांचा

आठवड्याला २९० डॉलर! अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या अमेरिकी बेसबॉलमध्ये मोठ्या लीगला खेळाडू पुरवणाऱ्या मायनर लीगच्या खालच्या पायरीवरच्या पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, २०२० पर्यंतची ही किमान मजुरी. तीही फक्त हंगामापुरती. मार्चमधला सराव तेव्हा फुकट, हिवाळ्यातली मेहनत फुकट. 'मजुरी' हा शब्द मालकांना झोंबतो. त्यांच्या लेखी हा मजूर नव्हेच. स्वप्नामागे धावणारा शिकाऊ पोरगा! स्वप्न दाखवून पगार कापण्याची ही विद्या सावकारालाही सुचली नसती.

आणि पोरगा गहाण काय ठेवतो? कोपर. चेंडू फेकताना कोपराच्या आतला अस्थिबंध दोरासारखा ताणतो. तो तुटला की मनगटाकडची कंडरा काढून हाडातल्या भोकांतून ओवायची. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर केलेली ही शस्त्रक्रिया आज पिचरांच्या पाचवीला पुजली आहे. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष घरी.

मायनर लीगमधला पिचर स्टीव्ह डाल्कोव्स्की आठवा. त्याच्याइतका वेगवान चेंडू पाहिला नाही, असं सांगणारे जाणते कमी नव्हते. १९६० मध्ये स्टॉकटनच्या संघाकडून १७० इनिंगमध्ये त्याने २६२ फलंदाज टिपले आणि २६२ जणांना फुकटात पहिला तळ बहाल केला. देवाने वेग दिला, दिशा द्यायची राहून गेली! १९६३ च्या वसंतातल्या सराव सामन्यात कोपर गेलं. पुढे दारू आणि कॅलिफोर्नियातल्या शेतांवरची मजुरी. २०२० मध्ये तो वारला. मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू न टाकता.

ही निव्वळ नशिबाची गोष्ट म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. १९२२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. तिकिटं विकायची, गावोगाव संघ न्यायचे, आणि तो व्यापार नव्हे! १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने ही सवलत छाटली, पण मोठ्या लीगच्या खेळाडूंपुरती. मायनर लीगला लेखी वगळून. २०१८ मध्ये तर कहर झाला. २,२३२ पानांच्या खर्च विधेयकात गुपचूप एक कलम घुसडून या पोरांचा ओव्हरटाइमचा हक्कच काढून घेतला. कलमाचं नाव काय, तर 'सेव्ह अमेरिकाज पासटाइम'! पोरांच्या पोटावर पाय देऊन वाचवलेली ही करमणूक कुणाची?

मालकांना धडा शिकवला तो एका पिचरनेच. गॅरेट ब्रोशुइस सहा हंगाम मायनर लीगमध्ये राबला, मग वकील झाला. २०१४ मध्ये त्याने जुन्या सोबत्यांच्या वतीने पगारासाठी मालकांवर दावा लावला. २०२२ मध्ये मालकांना १८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोरांची युनियन उभी राहिली. २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरचा वार्षिक पगार ३५,८०० डॉलर झाला. काल जे परवडत नव्हतं, ते युनियन दारात येताच परवडलं!

पण त्याच करारात प्रत्येक क्लबच्या देशांतर्गत खेळाडूंची मर्यादा १८० वरून १६५ वर आणली गेली, म्हणजे पंधरा पोरांची जागा गेली. हा करार २०२७ मध्ये संपतो. युनियनने तेव्हा पगारावर जरूर भांडावं. पण अमेरिकी संसदेने त्याआधीच १९२२ ची सवलत मायनर लीगसाठीही रद्द करावी आणि २०१८ चं ते कलम फाडून टाकावं. शंभर वर्षं मालकांनी हा चेंडू टोलवला, तेवढं पुरे झालं.