पाळीव कुत्र्याचें अंथरूण

आपल्याकडील घरांतून कुत्र्यास भाकरीचा तुकडा घालण्याची चाल फार जुनी आहे. जेवणें आटोपल्यावर उरलेलें अन्न त्याच्यापुढें ठेविल्याखेरीज गृहिणीच्या मनास समाधान होत नाहीं. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागें संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा तर लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाकर खाऊन झाल्यावर त्या मुक्या प्राण्यानें रात्रीं निजावें कोठें, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच निघतो. तो अंगणांत निजतो, राखेच्या ढिगांत निजतो, बैलगाडीखालीं निजतो; पाऊस आला कीं उठतो आणि वळचणीस जाऊन उभा राहतो. अन्न देण्यांत आपण उदार आहों, जागा देण्यांत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हल्लीं गोंदिया शहरांत याच्या अगदीं उलट प्रकारही दृष्टीस पडूं लागला आहे. मोठ्या हौसेनें परदेशी जातीचें पिल्लूं आणावयाचें, आणि त्याच्यासाठीं मखमलीची, कांठाला फुगीर उशी असलेली गुबगुबीत गादी मागवावयाची. गादीचा रंग दिवाणखान्याच्या पडद्यांस शोभेल असा पाहिला जातो. ज्यानें तिजवर निजावयाचें त्याचें मत मात्र कोणी घेत नाहीं. आमचे विद्यार्थी आम्हांस कधीं कधीं विचारितात कीं, गुरुजी, अमुक गादी चांगली कीं तमुक? त्यांस आमचें सांगणें हें कीं, गादीचा विचार सर्वांच्या शेवटीं करावा. अगोदर ऋतूचा, मग जागेचा, आणि मग त्या प्राण्याच्या देहाचा विचार झाला पाहिजे.

आमचा जिल्हा धानाचा, तळ्यांचा आणि रानाचा. येथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, डिसेंबर-जानेवारींत १० अंशांच्या खालीं उतरतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतींना ओल येते. अशा मुलखांत एकच गादी बारा महिने सुखाची होईल, ही अपेक्षाच चुकीची होय. कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. पंजांच्या तळव्यांस थोडासा येतो, तेवढाच. त्याच्या देहाची स्वाभाविक उष्णता सुमारें ३८.५ अंश, म्हणजे आपल्याहून अधिक. आणि ती कमी करण्याचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणें. म्हणून उन्हाळ्यांत तो मखमल सोडून मोरीजवळच्या थंड फरशीवर चारी पाय पसरून पडतो. त्यास पुनः पुनः उचलून गादीवर नेऊन ठेवणारीं मुलें प्रेमानेंच तसें करितात खरीं, परंतु त्या प्रेमानें त्याचा जीव उकडून निघतो. चपट्या नाकाचा पग किंवा बर्फाळ मुलखांतला दुहेरी केसांचा हस्की पाळणाऱ्यांनीं तर हें दुप्पट ध्यानांत ठेवावें. टिनाच्या छपराखालीं भर दुपारीं कोंडलेला असा कुत्रा उष्माघातानें मरूं शकतो. मग गादी कितीही मऊ असो. असल्या जातींचीं पिल्लें या जिल्ह्यांत आणूंच नयेत असें आम्हांस वाटतें. पण हौसेस मोल नसतें, त्यास आम्ही काय करणार?

हिवाळ्याची गोष्ट निराळी. थंडींत कुत्रा अंग आखडून, नाक शेपटीखालीं घालून वाटोळा होऊन निजतो. अशा वेळीं त्यास ऊब पाहिजे असते, आणि ती देण्याचें साधन आमच्या प्रत्येक खेड्यांत फुकट मिळतें. धानाची मळणी झाली कीं तणसाचे ढीग अंगणोअंगणीं लागतात. हें वाळलेलें तणस जुन्या बारदान्यांत भरून तोंड शिवून टाकिलें कीं उत्तम गादी तयार होते. काडीकाडीमध्यें हवा कोंडून राहते आणि तीच जमिनीचा गारवा अंगास लागूं देत नाहीं. पंधरा दिवसांनीं जुनें तणस काढून नवें भरावें, एवढेंच काम. मात्र बारदाना धानाचाच असावा. ज्या पोत्यांत रासायनिक खत किंवा कीटकनाशक भरलेलें होतें तें पोतें कितीही धुतलें तरी या कामीं घेऊं नये. कुत्रा अंथरूण चाटतो, चावतो, हें विसरतां कामा नये.

हेंच तणस पावसाळ्यांत मात्र घरांत ठेवूं नये. ओलीनें त्यास बुरशी येते. शिवाय त्यांत राहिलेल्या दाण्यांसाठीं उंदीर येतात आणि उंदरांमागें साप. आमच्या भागांत मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्रीं घरांत शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करितो. त्या दंशाची वेदना पुष्कळदां इतकी अल्प असते कीं निजलेल्यास जागही येत नाहीं. उंदरांच्या मूत्रापासून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोगही ओलसर जागीं माणसांस आणि कुत्र्यांस सारखाच जडतो. यावरून ध्यानांत येईल कीं, कुत्र्याच्या अंथरुणाचा विचार करितांना घरच्या माणसांचाही विचार आपोआप होतो.

मग बारा महिने चालेल असें कांहीं आहे कीं नाहीं? आहे. आपली बाज! लाकडाची किंवा लोखंडी नळीची लहानशी चौकट, जमिनीपासून वीतभर उंच, आणि नायलॉनच्या पट्टीनें किंवा सुतळीनें घट्ट विणलेली. खालून वारा खेळतो म्हणून उन्हाळ्यांत ती तापत नाहीं. जमिनीची ओल तिला लागत नाहीं. हिवाळ्यांत तिजवर तणसाची गादी किंवा जुनी गोधडी टाकिली कीं झालें. शहरांत उंच पायांची जाळीदार खाट म्हणून जी वस्तु आतां मोठ्या किंमतीस विकली जाते, ती आपल्या आजोबांच्या बाजेचीच नात होय. गांवांतला सुतार किंवा बाज विणणारा गृहस्थ ती थोड्या पैशांत करून देईल, आणि घरांतील एखादें मूल त्याच्याजवळ बसून विणकाम शिकलें तर तो लाभ निराळाच. पिल्लाचे दुधाचे दांत पडून नवे येईपर्यंत, म्हणजे सुमारें सहा महिन्यांचें होईपर्यंत, त्यास जुन्या धोतराच्या घडीवरच निजवावें. त्या वयांत तें सर्व कांहीं कुरतडतें. गादींतील स्पंजाचे तुकडे गिळल्यानें आंतडें बंद होऊन पिल्लें दगावतात.

माप घेण्याची रीत सोपी आहे. कुत्रा अंग पसरून निजलेला असतां नाकाच्या टोंकापासून शेपटीच्या मुळापर्यंत दोरी धरावी व तीत एक वीत मिळवावी. तेवढी लांबी पुरे. थोराड, वजनदार कुत्रा वर्षानुवर्षें सिमेंटवर निजला म्हणजे त्याच्या कोपरांवरील केस जातात, कातडी जाड व काळी होते आणि कधीं कधीं तेथें पाणी धरून सूज येते. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात. त्याची बाज अधिक ठेंगणी आणि तिजवरची गादी अधिक जाड असावी. आपल्या घरांतील वृद्धांस आपण हेंच करितों.

आतां जागेचें. येथें आम्हांस थोडें कठोर बोलावयाचें आहे.

नवेगांव आणि नागझिरा या रानांच्या आसपास आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचीं गांवें आहेत. २०१३ सालीं या रानांस मिळून व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ आंतल्या रानांत राहतो. बिबट्या मात्र गांवाच्या कडेनें हिंडतो, आणि कुत्रा हें त्याचें आवडतें भक्ष्य आहे. पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, बिबट्यांनीं खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकीं ३९ टक्के भाग कुत्र्यांचा असल्याचें आढळलें. हा अंक वाचल्यावर, राखणीसाठीं म्हणून रात्रभर अंगणांत सांखळीस बांधून ठेविलेल्या कुत्र्याकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहावें? मोकळा कुत्रा निदान पळेल. बांधलेल्यास पळतां येत नाहीं, लढतां येत नाहीं. तो राखणदार नव्हे, आमिष आहे. आणि जें आमिष आपण अंगणांत बांधितों, त्याच्याच वासानें बिबट्या त्या दारापर्यंत येतो, जेथून पहाटे आपलीं मुलें बाहेर पडतात. म्हणून रानालगतच्या गांवांत कुत्र्याची बाज दाराच्या आंत, निदान लांकडी फळ्यांनीं किंवा जाळीनें बंद केलेल्या छपरींत असावी. आंतून भुंकणारा कुत्राही चोरास तितकाच कळतो.

रात्रीं मोकळा सोडलेला कुत्रा रानांत शिरतो, हेंही तितकेंच वाईट. तो चितळांच्या पाडसांमागें लागतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग रानांतल्या प्राण्यांस होऊं शकतो. २०१८ सालीं गीरच्या रानांत वीसहून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले, त्यांपैकीं कित्येकांत याच रोगाचे जंतु सांपडले. नागझिऱ्याच्या रानकुत्र्यांसही तो होऊं शकतो. गांवांतला कुत्रा आपल्या जागीं निजला तर रानांतला प्राणीही सुरक्षित राहतो.

स्वच्छतेविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. कामच करावयाचें आहे. पिसवांची अंडीं कुत्र्याच्या अंगावरून अंथरुणांत गळतात व तेथेंच वाढतात, म्हणून नुसत्या कुत्र्यास आंघोळ घालून पिसवा जात नाहींत. अंथरूण आठवड्यांतून एकदां कढत पाण्यानें धुऊन कडक उन्हांत वाळवावें. गोचीड भिंतीच्या भेगांत अंडीं घालितो. बाज भिंतीपासून हातभर दूर ठेवावी आणि भेगा बुजवाव्या. शेतांतलें फवारणीचें औषध अंथरुणावर शिंपडण्याचा प्रकार कांहीं ठिकाणीं आढळतो. तो कृपा करून कोणीं करूं नये. गोचिडांचें योग्य औषध पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें. हें धुण्याचें काम आईवर टाकूं नये. ज्यानें कुत्रा हवा म्हणून हट्ट धरिला त्यानेंच तें करावें, असा नियम पालकांनीं पहिल्या दिवसापासून घालून द्यावा.

लहान भावंडांस आणखी एक गोष्ट शिकवावी. कुत्रा आपल्या अंथरुणावर निजला असतां त्याच्या अंगावर पडूं नये, त्याची शेपटी ओढूं नये. दचकून जागा झालेला अतिशय गरीब कुत्राही चावतो. दुरून हांक मारावी, म्हणजे तो आपण होऊन येईल. आणि चावलाच, मग तो घरचा असो वा रस्त्यावरचा, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद, चुना, मिरची यांनीं वेळ दवडूं नये. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचून वांचविलें. इतक्या वर्षांनंतर आपल्या देशांत या रोगानें मुलें मरावीं, ही लाजेची गोष्ट आहे.

कोणी म्हणतील, माणसांस निजावयास धड जागा नसतां कुत्र्याच्या बाजेची ही चर्चा कशासाठीं? आक्षेप रास्त आहे, आणि मखमलीच्या गादीस तो पुरेपूर लागू पडतो. परंतु आम्ही चैनीविषयीं बोलत नाहीं. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्यानें, मालकानें आपल्या जनावरास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा अपराध ठरविला आहे. आंखूड सांखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें हाही अपराधच. त्या कायद्यानें पहिल्या अपराधास ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा होता, म्हणून कोणी भीत नाहीं, ही गोष्ट वेगळी. तसेंच ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा, रुग्णालयें, बस व रेल्वे स्थानकें इत्यादि ठिकाणांहून भटके कुत्रे हलवून त्यांस निर्बीजीकरण व लसीकरणानंतर निवाऱ्यांत ठेवावें असा आदेश दिला. त्या आदेशाविषयीं मतभेद आहेत. आम्हांस त्या निमित्तानें एवढेंच विचारावयाचें आहे कीं, हे कुत्रे आले कोठून? सगळेच कांहीं रस्त्यावर जन्मलेले नसतात. दिवाळीच्या सुटींत हौसेनें आणलेलें पिल्लूं परीक्षेच्या दिवसांत नकोसें होतें आणि एके रात्रीं त्यास दूर नेऊन सोडून देतात. ज्या घरांत पिल्लूं येण्यापूर्वीं त्याची निजावयाची जागा ठरलेली असते, त्या घरांत असें क्वचित घडतें. कारण जागा ठरवितांना मोठ्या माणसांस त्या प्राण्याच्या दहाबारा वर्षांच्या आयुष्याचा विचार करावाच लागतो. पिल्लूं मागणाऱ्या मुलास पालकांनीं आधीं बाज विणून दाखवावयास सांगावें, असें आम्ही सुचवितों.

बाज तयार झाल्यावर ती आपल्या मतानें एका कोपऱ्यांत ठेवावी आणि आठवडाभर नुसतें पाहावें. निजण्यापूर्वीं कुत्रा दोनचार गिरक्या घेतो, पायांनीं उकरतो, मग बसतो. गवत तुडवून जागा करण्याची ती त्याच्या पूर्वजांची खोड असावी असें म्हणतात. त्या कोपऱ्यांत तो तसें करीत नसेल, तर रागावूं नये. बहुधा तो रात्रीं उठून, घरचीं माणसें निजतात त्या खोलीच्या उंबऱ्याशीं येऊन पडत असेल. बाज उचलून तेथें न्यावी.