भ्रमणध्वनीचा उंबरठा कोणाचा?

गिरगावातील चाळीत खोली दहा बाय बाराची का असेना, तिच्या भिंतीवर काय टांगायचे हे त्या घरातील माणसेच ठरवितात. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' सुरू केले आणि ते घरोघरी पोहोचले, ते गृहिणींनी स्वेच्छेने त्याला खिळ्यावर जागा दिली म्हणून. उद्या एखादा दुकानदार परस्पर घरात शिरून त्याच खिळ्यावर आपले जाहिरातपत्रक अडकवू लागला, तर सारी चाळ गोळा होईल. आपल्या खिशातील भ्रमणध्वनीवर मात्र हे रोज घडते आणि त्याची कोणाला खंत वाटत नाही.

आमच्या शेजारच्या आजींचेच उदाहरण घ्या. मुलाने हौसेने त्यांना नवा स्मार्टफोन आणून दिला. आजींच्या गरजा तीन : परळला दिलेल्या लेकीशी बोलणे, पंचांग पाहणे आणि नातवंडांची छायाचित्रे न्याहाळणे. पण फोन उघडताच समोर खेळ, खरेदी, कर्ज आणि बातम्यांची सरकती पट्टी! एके दुपारी लेकीला फोन लावताना बोट चुकले, कर्जाची जाहिरात उघडली आणि आजींनी भाबडेपणाने तेथे आपला क्रमांक भरला. पुढे महिनाभर कर्ज देऊ करणाऱ्यांच्या फोनांनी त्या हैराण झाल्या. अखेर नातवाने एका रविवारी त्या फोनचा 'लाँचर' बदलला. पडद्यावर आता तीनच ठळक नावे आहेत : 'लेक – परळ', 'पंचांग' आणि 'फोटो'. आजींनी त्यानंतर फोनसाठी कोणाला हाक मारलेली नाही.

लाँचर म्हणजे काय, हे येथे सांगावयास हवे. फोन उघडल्यावर जो पहिला पडदा दिसतो, त्यावरील चिन्हांची मांडणी करणारे ते एक अ‍ॅप असते. अँड्रॉइड प्रणालीत ते इतर अ‍ॅपप्रमाणेच बदलता येते. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स', त्यात 'डीफॉल्ट अ‍ॅप्स' आणि त्यात 'होम अ‍ॅप' या ठिकाणी आपली निवड नोंदविली की काम झाले. छायाचित्रे, संदेश, क्रमांक यांना धक्का लागत नाही आणि मन बदलल्यास पूर्वीची मांडणी परत आणता येते. आयफोनमध्ये मात्र ही मुभा नाही.

हा विषय क्षुल्लक वाटत असेल, तर एक घटना आठवावी. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनविणाऱ्या कंपन्यांनी गुगलची अ‍ॅप्स आधीच भरून द्यावीत आणि ती ठळक जागी मांडावीत, या अटींवर आयोगाचा एक प्रमुख आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले. पण दंड कायम ठेवला. पहिल्या पडद्यावरील वीतभर जागेसाठी जागतिक कंपन्या एवढा आटापिटा करतात, कारण डोळ्यांसमोर जे असते तेच बोटाखाली येते, हे त्या जाणून आहेत. आपण मात्र ती जागा फुकट देऊन टाकतो.

मग कोणता लाँचर निवडावा? येथे उतावीळपणा नको. फुकट मिळणारे कित्येक लाँचर स्वतःच जाहिराती दाखवितात. म्हणजे आगीतून फुफाट्यात! पहिली कसोटी अनुमतीची. फोनवर कोणती अ‍ॅप्स आहेत, हे लाँचरला कळणे आवश्यकच आहे. परंतु आपले संदेश, ध्वनिग्राहक किंवा आपला ठावठिकाणा त्याला कशासाठी हवा? 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची अनुमती तर पडद्यावरील मजकूर वाचण्याची वाट मोकळी करते; ती विचार केल्यावाचून देऊ नये. दुसरी कसोटी कर्त्याची. लॉनचेअर, किस, ओलाँचर यांची आज्ञावली सर्वांना तपासण्यास खुली आहे. याउलट, लक्षावधी लोकांचा आवडता नोव्हा लाँचर २०२२ मध्ये ब्रँच या अमेरिकी कंपनीने विकत घेतला आणि २०२५ मध्ये त्याचा मूळ कर्ताच तेथून बाहेर पडला. घर तेच राहते, पण घरमालक बदलतो. म्हणून अधूनमधून चौकशी करीत राहावे.

तिसरी कसोटी मायबोलीची. अनेक लाँचरमध्ये चिन्हाखालील नाव आपल्याला हवे तसे देवनागरीत लिहिता येते. जावजी दादाजींनी १८६९ साली याच मुंबईत 'निर्णयसागर' छापखाना काढला आणि सुबक देवनागरी टंकांनी छापील अक्षराला रूप दिले. नवे यंत्र आले म्हणून त्यांनी लिपी सोडली नाही. यंत्राला लिपी शिकविली. आपल्या काळातही मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी भारतीय भाषांसाठी 'इंडस ओएस' ही अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली उभी केली आणि २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनांवर दिसू लागली. पुढे तो उद्योग फोनपेने घेतला, आणि फोनपेमध्ये वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीचा मोठा वाटा आहे. उपक्रम आपल्या मातीतला असला, तरी त्याला ग्राहकांचे बळ मिळाले नाही तर तो आपला राहत नाही, हा त्यातील धडा होय.

कोणी म्हणेल, लाँचर बदलून काय साधणार? प्रणाली गुगलचीच राहते. हे खरे आहे. लाँचर बदलणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. काही फोनांवर बाहेरचा लाँचर किंचित अडखळतोही. परंतु बिऱ्हाड भाड्याचे असले म्हणून कोणी उंबरठा झाडावयाचे सोडत नाही. जे आपल्या हाती आहे, ते तरी आपल्या इच्छेने चालावे, एवढेच म्हणणे आहे.

दादर असो वा लालबाग, घरातील तरुणांनी येत्या रविवारी एक तास काढावा. आई-वडिलांचा, आजी-आजोबांचा फोन घेऊन शेजारी बसावे. त्यांना खरोखर काय लागते ते आधी विचारावे, तेवढेच पहिल्या पडद्यावर ठेवावे आणि मराठीत लिहावे. नवा फोन भेट देणे सोपे असते. तो त्यांना आपला वाटावा यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ कोणतीही कंपनी देणार नाही. तो घरच्यांनीच द्यावयाचा आहे.