पहिल्या मीटरचे समुद्रविज्ञान

चेन्नईच्या उत्तरेस, एन्नूर खाडीपलीकडील काट्टुपळ्ळी बंदरात २०२५च्या आरंभी ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीच्या पाण्यातील चाचण्या पार पडल्या. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी चेन्नईच्याच राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने ती घडवली आहे. ती ज्या ‘डीप ओशन मिशन’चा भाग आहे, त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१मध्ये मान्यता दिली, पाच वर्षांसाठी खर्चाचा अंदाज ४,०७७ कोटी रुपये. या कर्तृत्वाचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु त्या सहा हजार मीटरांतील पहिल्या मीटरची नोंद कोण ठेवणार, हाही राष्ट्रीय विज्ञानाचाच प्रश्न आहे.

चेन्नईची भरती-ओहोटी जेमतेम मीटरभराची आणि किनारा वाळूचा. बंदराच्या भिंतींमुळे दक्षिणेस वाळू साचत गेली व उत्तरेचा किनारा झिजत गेला. तो सावरण्यासाठी दगडांचे बांध घालावे लागले. अशा दगडांच्या फटींत ओहोटीनंतर पाणी साचून राहते आणि समुद्रपुष्पांना, म्हणजे सी ॲनिमोनना, आसरा मिळतो.

नावात पुष्प असले तरी हा प्राणी आहे, तोही शिकारी. त्याला हाडे नाहीत. पोकळीत कोंडलेल्या पाण्यावर स्नायूंचा दाब देऊनच तो ताठ उभा राहतो. पाणी ओसरू लागले की अनेक जाती संस्पर्शक आत ओढून घेतात आणि गोळा होऊन बसतात. उघडा पृष्ठभाग घटतो, ओलावा टिकतो. मात्र मिटलेल्या प्राण्याला शिकार करता येत नाही. कोरडे पडण्याची भीती आणि उपासमार यांच्यातील हा तोल तो दर ओहोटीला नव्याने साधतो. निरुपद्रवी स्पर्श पुनःपुन्हा झाला तर हळूहळू तो त्याला दाद देईनासा होतो. मेंदू नसतानाही तो अनुभवातून शिकतो!

तो सहसा जागा सोडत नाही आणि दीर्घकाळ जगू शकतो. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या भांड्यात १८८७पर्यंत जगले. एका जागी राहून ऊन, क्षार आणि प्रदूषण सोसणारा असा प्राणी किनाऱ्याच्या प्रकृतीचे उत्तम मापक ठरू शकतो. अट एकच, त्याच्याकडे नियमितपणे पाहणारे कोणीतरी हवे.

डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर एन्नूर खाडीत तेल पसरले. मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी काळवंडली, ते नुकसान निदान डोळ्यांना दिसले. पण तेल येण्यापूर्वी एखाद्या दगडावर किती समुद्रपुष्पे होती याची नोंदच नसेल, तर त्यांतील किती गेली आणि पुढे किती परतली, हे कशाच्या आधारे सांगणार?

या निरीक्षणाची परंपरा याच शहरात आहे. एन. केशव पणिक्कर यांनी १९३०च्या दशकात मद्रासमध्ये मचूळ पाण्यातील समुद्रपुष्पांचा अभ्यास केला आणि १९३६ साली नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक तेच होते. देशाच्या महासागर संशोधनाची धुरा वाहणाऱ्या या शास्त्रज्ञाची सुरुवात उथळ पाण्यापासून झाली होती.

खोल समुद्राचा निधी कमी करावा, असे येथे सुचवायचे नाही. ठरावीक दगड, महिन्यातून एक ओहोटी, पाण्याचे तापमान, क्षारता, उघड्या आणि मिटलेल्या समुद्रपुष्पांची मोजणी: एवढे काम किनाऱ्यावरील महाविद्यालयांचे विद्यार्थीही करू शकतात. त्यासाठी लागणारी रक्कम पाणबुडीच्या खर्चापुढे नगण्य असेल. मात्र ती पाच वर्षांनी आटता कामा नये, कारण अशा नोंदींचे मोल सातत्यातून वाढते. पुढच्या वेळी खाडीत तेल शिरेल तेव्हा आधीची वही हाताशी असावी, एवढी तरतूद ‘मत्स्य’ घडवणाऱ्या देशाला नक्कीच परवडेल.