अलायनर आणि तासांचा हिशेब

तारा न लावता दात सरळ करणारे अलायनर म्हणजे दातांच्या मापाने घडविलेल्या पारदर्शक प्लास्टिक साच्यांची मालिका होय. एक साचा दातास सुमारे पाव मिलिमीटर सरकवितो. एक-दोन आठवड्यांनी पुढचा चढवावयाचा. पकडीसाठी काही दातांवर दाताच्याच रंगाचे लहान उंचवटे चिकटवितात.

साचा दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात हवा. तेव्हा केवळ साधे पाणी चालते. मानोऱ्याच्या बाजारपेठेत गिऱ्हाइकागणिक चहा घेणाऱ्या व्यापारी बंधूंनी हा हिशेब आधी मांडावा. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी दात घासून साचा चढविला, की संपूर्ण रात्र जमेस धरता येते.

खर्चापूर्वी ऑर्थोडॉन्टिस्टकडून एक्स-रे व हिरड्यांची तपासणी अवश्य करवावी. घरबसल्या मागविलेल्या साच्यांवर विसंबू नये. अशाच पद्धतीने व्यवसाय करणारी अमेरिकेतील ‘स्माइलडायरेक्टक्लब’ कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले.

दात सरळ झाल्यावरही रिटेनर वापरावा लागतो, अन्यथा ते पूर्वस्थानी परततात. मुलामुलींसाठी हा उपचार निवडताना पैशांइतकाच त्यांच्या नियमितपणाचाही विचार व्हावा.