कोमटपणाची बदनामी

'ल्यूकवॉर्म' या शब्दात ल्यूक नावाचा कोणी गृहस्थ, निदान बायबलातला संत लूक तरी, दडलेला असावा, अशी आमची कैक वर्षे समजूत होती. तसे काही नाही. मध्ययुगीन इंग्रजीत 'ल्यूक'चाच अर्थ कोमट. त्यामागे 'ल्यू' हे त्याहून जुने विशेषण. जर्मन 'लाउ' त्याचे सगोत्र. तेव्हा 'ल्यूकवॉर्म' हा आपल्या 'पिवळा पीतांबर' चालीचाच प्रकार झाला. 'ल्यू'चे नाते ऊब आणि आसरा सुचवणाऱ्या जुन्या शब्दाशी जोडतात. जहाजाच्या वाऱ्याआडच्या बाजूस 'ली' म्हणतात, तो शब्दही त्याच घरचा.

थंडीवाऱ्याच्या मुलुखात उबेला आणि आसऱ्याला एकच शब्द असावा, हे समजण्याजोगे आहे. मग त्याच कुळातल्या शब्दाची शिवी कशी झाली?

आमच्या मते दोष बराचसा बायबलातील 'प्रकटीकरण' या पुस्तकाचा. त्याच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया येथील मंडळीला, ती ना ऊन ना थंड म्हणून, ओकून टाकण्याची धमकी आहे. चौदाव्या शतकातील विक्लिफच्या भाषांतरात तेथे 'ल्यू' आहे, १६११च्या राजा जेम्सच्या प्रतीत 'ल्यूकवॉर्म'. लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात, देनिझलीजवळ. समोरच पामुक्कलेचे उन्हाळे. तेथील नळांतून येणाऱ्या कोमट, क्षारयुक्त पाण्यावरून ही उपमा सुचली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात, इतरांना ते पटत नाही. काही असो, पाण्याचा गुण माणसाच्या निष्ठेला चिकटला तो कायमचा.

'टेपिड'ची कथा आम्हांस अधिक चटका लावते. ते लॅटिन 'टेपिडुस'वरून आले, आणि त्याचा धातू आपल्या 'तप्'चा सख्खा भाऊ. एका घरातून तप, ताप, तपस्वी निघाले. दुसऱ्यातून उत्साह नसलेल्या माणसाचे विशेषण. रोमन स्नानगृहात मात्र 'टेपिडारियम' हे सुखाचे दालन होते.

संस्कृतात कोष्ण, कवोष्ण, मंदोष्ण, कदुष्ण असे चार शब्द अमरकोशाने दिले आहेत. 'कदन्न' म्हणजे वाईट अन्न, पण 'कदुष्ण' म्हणजे वाईट ऊन नव्हे. तेथे 'कद्' फक्त 'किंचित' सांगतो. मराठीचेही तसेच. विरजण लावायचे ते कोमट दुधाला, तान्ह्या बाळाच्या अंगाला लावायचे ते तेल कोमट. दूध कढत असेल तर दही लागत नाही आणि गार असेल तरी लागत नाही, हे घरातल्या कोणत्याही आजीस ठाऊक असते.

म्हणूनच परीक्षणांतून 'कोमट प्रतिसाद' वाचला की आम्ही अडखळतो. ज्यास 'बेताचा' किंवा 'थंडा' म्हणता येते, त्यासाठी लावदिकीयाचा राग मराठी कोमटावर का काढावा? बायबलाच्या मराठी भाषांतरात 'कोमट' येतो, तो तेथे मूळ उपमेमुळे अटळच आहे. नाट्यपरीक्षणात ती अडचण नाही.