विश्लेषण : एलईडी ‘डिम-फुल’ होतोय? बल्ब बदलण्याआधी लाइन तपासा

संध्याकाळी सातच्या सुमारास स्वयंपाकघरातला एलईडी लुकलुकू लागला, की बहुतेक घरांत पहिला निकाल बल्बविरुद्ध लागतो. ‘हलका माल निघाला’ म्हणून तो काढायचा, नवा आणायचा, आणि महिन्याभरात तोही तसाच करू लागला की दुकानदाराशी वाद घालायचा. मूर्तिजापूरसारख्या गावात एकाच डीपीवर घरे, पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान आणि पाण्याच्या मोटारी चालतात, तिथे हा निकाल अनेकदा चुकतो. लुकलुकणारा बल्ब कधी स्वतःचे दुखणे सांगत असतो, कधी घरातल्या वायरिंगचे, तर कधी खांबावर सैल होत चाललेल्या न्यूट्रलचे. हे तिसरे दुखणे वेळीच ओळखले नाही, तर नुकसान बल्बापुरते राहत नाही. फ्रिज आणि टीव्हीही जातो.

जुना पिवळा बल्ब असे का करत नव्हता?

आपल्याकडे वीज ५० सायकलची. म्हणजे सेकंदाला १०० वेळा व्होल्टेज शून्यावर येते. जुन्या बल्बची तार तापून लाल झालेली असायची आणि त्या क्षणभरात ती थंड होत नसे, त्यामुळे उजेड फारसा हलत नसे. एलईडीकडे अशी साठवलेली उष्णता नाही. करंट थांबला की उजेड थांबला. मधली पोकळी भरून काढायचे काम बल्बच्या आतल्या सर्किटचे, म्हणजे ड्रायव्हरचे. एलईडी चांगला की वाईट, हे बरेचसे या ड्रायव्हरवर ठरते.

जुना बल्ब आणखी एक काम फुकटात करायचा. व्होल्टेज दहा टक्के उतरले की त्याचा उजेड जवळपास तीस टक्के कमी व्हायचा. ‘आज लाइट डिम आहे’ हे घरातल्या कुणालाही कळायचे. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी मात्र व्होल्टेज बरेच उतरले तरी उजेड तसाच ठेवतो. पंखा रेंगाळतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर गुरगुरतो, आणि बल्ब काहीच बोलत नाही. व्होल्टेज ड्रायव्हरच्या मर्यादेखाली गेले की तो बंद पडतो, सावरतो, पुन्हा बंद पडतो. हिवाळ्यात हरभरा-गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत, विशेषतः थ्री फेजची मोटार कंडेन्सर लावून दोन फेजवर ओढली जाते तिथे, लाइनच्या टोकाच्या घरांत हे चित्र दिसू शकते. अशा वेळी बल्ब बदलून उपयोग नसतो.

स्वस्त बल्बात काय कमी असते?

५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. किमती कोसळल्या, ही चांगलीच गोष्ट. पण बाजारातली स्पर्धा पुढे ड्रायव्हरवरच उतरली. अनेक स्वस्त बल्बांत आता वेगळा ड्रायव्हर नसतोच. ॲल्युमिनियमच्या एकाच चकतीवर एलईडीचे दाणे आणि एक छोटी आयसी बसवलेली असते. कारागीर याला ‘डीओबी’ म्हणतात. वीज साठवणारा कपॅसिटर त्यात लहान असतो किंवा नसतो. असा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि व्होल्टेज हलले की उजेडही हलतो.

डोळ्याला सरळ न दिसणारी ही लुकलुक पकडायला उपकरण लागत नाही. रात्री फक्त तो एकच दिवा लावा आणि त्याच्या उजेडात एक पेन पंख्यासारखे झपाझप हलवा. पेनाचा सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. एकाऐवजी सुटी सुटी चार-पाच पेने दिसली तर बल्ब लुकलुकतो आहे. मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओतही ते दिसते. दुकानात बल्ब लावून दाखवतात तेव्हाच हे करून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

उरलेले काम आपला उन्हाळा करतो. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. त्यात टिनाचे छत आणि वर बंद काचेचा गोळा, मग डब्यावर छापलेले हजारो तासांचे आयुष्य कागदावरच राहते. लावल्यावर पाच-दहा मिनिटे नीट चालून मग एका लयीत चालू-बंद होणारा बल्ब असेल, तर बहुधा आतला एखादा दाणा किंवा टाका तापून सुटतो आणि गार झाला की पुन्हा जोडला जातो. तो बल्ब बदलावाच.

दोष कुणाचा, हे कसे ओळखायचे?

एकच बल्ब लुकलुकत असेल तर तो दुसऱ्या खोलीत लावून पाहा. तिथेही तसेच करत असेल तर दोष बल्बचा. तिथे नीट चालला तर पहिल्या होल्डरचा, स्विचचा किंवा जोडाचा. घरातले सगळे दिवे एकदम हलत असतील तर शेजारी विचारा. शेजारी ठीक असेल तर आपली सर्व्हिस वायर, मीटर किंवा मेन स्विचकडचा जोड सैल असण्याची शक्यता मोठी, आणि सैल जोड तापतो, ठिणग्या टाकतो. सगळ्या गल्लीत तेच होत असेल तर प्रश्न डीपीचा.

सगळ्यात धोक्याची खूण मात्र डिम होण्याची नाही, उलट आहे. पंखा अचानक जोरात फिरू लागला, एका संध्याकाळी दोन-तीन बल्ब उडाले, लाइट असताना इन्व्हर्टर बॅटरीवर गेला, तर न्यूट्रल सुटल्याची शंका घ्यावी. गावातली घरे तीन फेजवर वाटलेली असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एक. तो तुटला की दोन फेजवरची घरे एकमेकांमागे जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यात ४०० व्होल्ट वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. म्हणून एका घरात मिणमिण आणि शेजारच्या घरात टीव्ही जळाला, असे होते. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करावा, मग १९१२ वर किंवा लाइनमनला कळवावे. स्वतः खांबावर चढू नये, हे सांगावे लागते कारण लोक चढतात.

बंद केला तरी मिणमिणतो, ते का?

स्विचवर बारीक लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणाऱ्या किंचित करंटनेही एलईडी मिणमिणतो. यात धोका नाही. इंडिकेटर नसताना तसे होत असेल तर फेजऐवजी न्यूट्रलवर स्विच बसवला आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तसे असेल तर स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो, आणि बल्ब बदलताना शॉक बसतो. पंख्याच्या किंवा जुन्या बल्बच्या रेग्युलेटरवर साधा एलईडी लावला तरी तो लुकलुकतो. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब आणि एलईडीसाठीचाच डिमर लागतो.

डोळ्यांचा प्रश्न खरा आहे?

आहे. ब्रिटनमध्ये विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कार्यालयातल्या ट्यूबलाइटवर अभ्यास केला. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबऐवजी न लुकलुकणाऱ्या लावल्या, तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. कामगारांना दिसत काहीच नव्हते. लेथ मशीनवर तर हा अपघाताचा विषय ठरतो: लुकलुक आणि फिरण्याचा वेग जुळला की फिरता चक स्थिर भासतो. म्हणून जुन्या वर्कशॉपमध्ये शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायची पद्धत होती. एलईडी लावताना ती मोडली गेली असेल तर जिनिंग-प्रेसिंगवाल्यांनी आणि फॅब्रिकेशनच्या दुकानांनी एकदा वर पाहावे.

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२१ पासून बल्बच्या लुकलुकीवर कायद्याने मर्यादा घातली. आपल्या बाजारात डब्यावर वॅट, ल्यूमेन, स्टार सगळे असते. पण स्टार सांगतात तो उजेड किती वॅटमध्ये मिळतो, तो किती स्थिर आहे हे नाही. तो आकडाही डब्यावर यायला हवा. पोर रात्री अकरापर्यंत ज्या दिव्याखाली अभ्यास करते, त्याच्या खरेदीत आई-वडिलांना पेन हलवून पाहावे लागू नये.

आणि महावितरणकडे तक्रार करायची तर ‘लाइट डिम-फुल होते’ एवढे पुरत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणे घरगुती पुरवठ्यात सहा टक्क्यांपर्यंतच चढ-उतार चालतो. २३० धरले तर साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर स्वस्तात मिळतो. चार संध्याकाळी तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवा, शेजारच्या दोन घरांचेही घ्या, आणि तो कागद अर्जाला जोडून पोच घ्या.