ग्रंथालय व संगणक कक्षासाठी ऑनलाइन वेळनोंदणी : शिक्षक-पालक संघाचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सचिव, शाळा संचालक मंडळ,
मा. मुख्याध्यापक,
दोंडाईचा, ता. शिंदखेडा, जि. धुळे

महोदय,

ग्रंथालयातील पुस्तके आणि संगणक कक्षातील यंत्रे सर्व विद्यार्थ्यांसाठी घेतलेली आहेत. प्रत्यक्षात ती त्यालाच मिळतात, ज्याचे घर जवळ आहे आणि ज्याला शाळा सुटल्यावर थांबता येते. हा विषय पालक सभेत अनेकदा निघाला, चर्चा झाली, आश्वासने मिळाली. आता आम्हाला ऑनलाइन वेळनोंदणीची लेखी पद्धत हवी.

सर्वांत मोठा अन्याय बाहेरगावच्या मुलांवर होतो. मालपूर, विखरण, निमगुळ या बाजूंनी येणारी मुले एसटीच्या वेळेला बांधलेली आहेत. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, पण गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही. ग्रंथालय उघडते तेव्हा या मुली बसस्थानकावर असतात. म्हणून प्रार्थनेपूर्वीच्या आणि मधल्या सुट्टीतील पाळ्यांपैकी 40 टक्के पाळ्या एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. आदल्या दिवशी शाळा सुटेपर्यंत त्या भरल्या नाहीत, तर इतरांना खुल्या कराव्यात. यात कोणाचे नुकसान नाही.

संगणकाची गरज आता परीक्षेपुरती उरलेली नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात, शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. ज्या मुलाने शाळेत कधी स्वतः माउस धरला नाही, तो पहिल्यांदा पैसे मोजून सायबर कॅफेत बसतो आणि त्याचा अर्ज दुसराच कोणी भरतो. आमची मागणी अशी : एक विद्यार्थी, एक यंत्र, तीस मिनिटांची पाळी. नोंदणी सात दिवस आधी खुली व्हावी. आठवड्यात प्रत्येकाला आधी एक पाळी मिळावी, दुसरी फक्त जागा रिकामी असेल तर. दहा यंत्रे रोज दोन तास चालली, तरी सहा दिवसांत 240 पाळ्या होतात. तेव्हा प्रश्न यंत्रांच्या संख्येइतकाच वाटपाचाही आहे.

शिक्षकांना संपूर्ण वर्गासाठी कक्ष लागतो, हे आम्ही मान्य करतो. त्यांनीही दोन दिवस आधी पाळ्यांच्या त्याच यादीत नोंद करावी. ऐनवेळी विद्यार्थ्याची पाळी रद्द झाली किंवा वीज गेली, तर तीन दिवसांच्या आत त्याला बदली पाळी मिळावी.

ग्रंथालयाबाबत शिक्षण हक्क कायदा, 2009 स्पष्ट आहे. त्याच्या अनुसूचीप्रमाणे शाळेत वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेही हवीत. पुस्तके कपाटात असणे म्हणजे ती मुलांना उपलब्ध असणे नव्हे. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्येच ग्रंथालयाच्या नियमांत घातले. पुस्तकांची यादीही या ऑनलाइन व्यवस्थेत चढवावी. कोणते पुस्तक बाहेर गेले आहे आणि कधी परत येणार, हे दिसावे, आणि त्यावर पुढचा क्रमांक लावता यावा. ग्रंथालयाची तासिका दुसऱ्या विषयाला देणे बंद व्हावे.

एक अट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा मार्केट यार्डात असतो. ऑनलाइन नोंदणीमुळे अशी मुले मागे पडणार असतील, तर ती पद्धत आम्हाला नको. ग्रंथालयाच्या दारात नोंदवही ठेवावी. रोजच्या निम्म्या पाळ्या वहीतूनच भराव्यात आणि ग्रंथपालांनी त्या लगेच यादीत घ्याव्यात. दुसऱ्या दिवसाची पूर्ण यादी सूचना फलकावर लागावी. सूचना सोप्या मराठीत असाव्यात.

मुलांची माहिती नाव, इयत्ता आणि हजेरी क्रमांक एवढीच घ्यावी. आधार क्रमांक नको, जाहिराती दाखवणारे ॲप नको. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ती लेखी घ्यावी आणि वर्षअखेरीस नोंदी पुसाव्यात.

खर्चाचे कारण टिकणारे नाही. ग्रंथालयासाठी ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, संगणकाच्या पाळ्यांसाठी साधा सामायिक तक्ताही पुरतो. विद्यार्थ्यांवर कोणतेही शुल्क लावू नये. मात्र ग्रंथपालांवर जादा काम लादून हे चालणार नाही. त्यांच्या वेळापत्रकात रोज एक तास यासाठी राखावा. पुस्तकांची यादी संगणकावर चढवण्यासाठी आमचे सभासद शनिवारी येतील. हे काम आम्ही स्वतःहून स्वीकारत आहोत.

किती पाळ्या दिल्या, किती वाया गेल्या, त्यांत मुली आणि बाहेरगावचे विद्यार्थी किती, याचे विवरण दरमहा पालक सभेत ठेवावे. तक्रारीचे उत्तर तीन कामकाजी दिवसांत मिळावे.

या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत द्यावे. त्यानंतर 30 दिवसांत आठवी ते दहावीसाठी प्रयोग सुरू करावा आणि दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवसापासून पद्धत सर्व वर्गांना लागू करावी. एखादी मागणी अमान्य असेल, तर तिची कारणे लेखी कळवून पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर ती पहिल्या क्रमांकाने घ्यावी.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
शिक्षक-पालक संघ, दोंडाईचा